मागून येणाऱ्याची जाणीव

मधल्या सुट्टीची घंटा होते. चौथीच्या वर्गातील पहिला मुलगा दारातून बाहेर पडतो आणि उंबरठ्यावरच थबकतो. त्याला अंगणात आपला सोबती शोधावयाचा असतो, किंवा चपलेचा अंगठा तुटला की काय, हे पाहावयाचे असते. त्याच्या दृष्टीने हे थांबणे अगदी निर्दोष होय. परंतु त्याच्या पाठीमागे तीस-पस्तीस मुले त्याच दाराकडे निघालेली असतात. दुसरा पहिल्यावर आदळतो, तिसरा दुसऱ्यावर, आणि कोठेतरी मध्ये सापडलेली एखादी लहानखुरी मुलगी दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून घेते. शिक्षक धावत येतात आणि ज्याने ढकलले त्याला शोधू लागतात. पण ढकलणारा असा कोणी सापडत नाही. सर्वांत मागे असलेल्या मुलाला पुढे कोणी थांबले आहे याची वार्ताही नसते, आणि सर्वांत पुढच्याला मागे कोणी आहे याची.

हा प्रसंग कोणत्याही शाळेत घडतो, आणि शाळेबाहेर तो त्याहून अधिक घडतो. आठवडी बाजारात दोन ओळखीचे गृहस्थ भेटतात आणि वाटेच्या मधोमध उभे राहून सोयरिकीच्या गोष्टी बोलू लागतात. डोक्यावर भाऱ्याचे ओझे घेतलेल्या बाईला त्यांच्या बाजूने चिखलातून जावे लागते. एस.टी.मध्ये चढलेला प्रवासी पायरी ओलांडताच खिशातील पैसे मोजू लागतो आणि खाली उभी असलेली माणसे पावसात भिजत राहतात. दवाखान्याच्या व्हरांड्यात, रेशनच्या दुकानापुढे, लग्नाच्या मांडवाच्या तोंडाशी हेच दृश्य दिसते. अलीकडे त्यात मोबाइलची भर पडली आहे. मान खाली घालून चालणाऱ्या माणसाला मागचा तर सोडाच, पण समोरचाही दिसत नाही.

अशा वागण्याला बेशिस्त किंवा उद्धटपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु वाटेत उभे राहणारे ते दोघे गृहस्थ आपल्या घरी आलेल्या पाहुण्याला उंबरठ्यापर्यंत पोचवावयास जाणारे, मोठे अगत्यशील असतात. त्यांना कोणी थोडे बाजूला व्हावयास सांगितले, तर ते लाजून लगेच वाट देतात. याचा अर्थ असा की, त्यांच्या ठिकाणी सौजन्याची उणीव नसून जाणिवेची उणीव आहे. आपले शरीर किती जागा व्यापते, ते कोणाच्या वाटेत आहे आणि आपल्या पाठीमागे काय चालले आहे, हे ओळखणे हे एक कौशल्य आहे. पोहणे किंवा सायकल चालविणे ज्याप्रमाणे शिकावे लागते, त्याप्रमाणेच तेही शिकावे लागते. ते उपदेशाने येत नाही, सरावाने येते. आणि त्याचा सराव करून घेण्यास प्राथमिक शाळेइतके योग्य स्थान दुसरे नाही.

आपले अंग कोठे संपते?

माणसाला आपले अंग कातडीपाशी संपते असे वाटते. चालताना तसे नसते. जॉन फ्रुइन या अमेरिकन अभियंत्याने पादचाऱ्यांच्या हालचालींचा सूक्ष्म अभ्यास केला. त्याने उभ्या असलेल्या प्रौढ माणसासाठी सुमारे ४५ सेंटिमीटर खोल व ६० सेंटिमीटर रुंद अशी लंबगोल जागा धरली. चालत्या माणसाला पाऊल टाकण्यास आणि वेळेवर थांबण्यास याहून पुष्कळ अधिक जागा लागते. दोन माणसे समोरासमोरून एकमेकांना न खेटता जावयाची, तर त्यासाठीही पुरेशी रुंदी हवी. म्हणूनच इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ सालच्या मार्गदर्शक सूचनांत पादचारी-मार्गाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी, असे सांगितले आहे. त्या मार्गावर दोघांनी गप्पा मारीत शेजारी-शेजारी उभे राहिले, की तिसऱ्याची वाट बंद होते, हे साध्या बेरजेनेही समजते.

हातात किंवा पाठीवर काही असले म्हणजे अंगाची सीमा आणखी पुढे सरकते. पाठीवर दप्तर घेतलेला मुलगा हाक ऐकून गर्रकन वळतो आणि त्याचे दप्तर मागच्या मुलीच्या तोंडावर बसते. त्याने मारले नाही, तो केवळ वळला; परंतु आपली पाठ आज वीतभर लांब झाली आहे, याची नोंद त्याच्या मनाने घेतलेली नसते. काखेत आडवी धरलेली छत्री ही त्याहून धोक्याची, कारण प्रौढाच्या काखेतील छत्रीचे टोक नेमके लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला येते. गवताचा भारा वाहणारी शेतकरीण मात्र दारातून जाताना न चुकता तिरपी होते. भाऱ्याची रुंदी तिच्या अंगवळणी पडलेली असते. ज्या मुलांची आई हे रोज करते, त्या मुलांना हे कौशल्य नवे आहे असे शिक्षकांनी समजू नये. ते त्यांच्या घरात आहेच. शाळेने त्याला नाव द्यावयाचे आणि ते सर्वांचे करावयाचे आहे.

मुलाला दुसऱ्याच्या जागेवरून दिसते काय?

येथे बालमानसशास्त्रातील एक प्रसिद्ध प्रयोग उपयोगी पडतो. स्विस शास्त्रज्ञ जाँ पियाजे व त्यांच्या सहकारी बार्बेल इनहेल्डर यांनी १९४८ साली मुलांच्या अवकाशविषयक कल्पनांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील प्रयोगात मुलापुढे तीन डोंगरांची प्रतिकृती ठेवीत आणि दुसऱ्या बाजूस एक बाहुली बसवीत. बाहुलीला डोंगर कसे दिसत असतील, असे विचारले असता लहान मुले बहुधा स्वतःला दिसणारेच चित्र दाखवीत. दुसऱ्याच्या ठिकाणावरून जग निराळे दिसते, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात येत नसे. त्यावरून असा समज रूढ झाला की, सहा-सात वर्षांखालील मुलाला दुसऱ्याची दृष्टी घेताच येत नाही.

पुढे या समजास धक्का बसला. मार्टिन ह्यूज या संशोधकाने मुलांना परिचित असा खेळ योजिला. त्यात एकमेकींना छेदणाऱ्या भिंतींच्या आड एक बाहुली अशी लपवावयाची होती, की दोन शिपाई-बाहुल्यांपैकी एकालाही ती दिसू नये. साडेतीन ते पाच वर्षांच्या बहुसंख्य मुलांनी हे अचूक केले. मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७८ सालच्या आपल्या ‘चिल्ड्रेन्स माइंड्स’ या पुस्तकात या प्रयोगाचे मर्म विशद केले आहे. डोंगरांच्या प्रयोगात मुलाला अर्थ लागत नव्हता. लपाछपीत तो लागत होता.

ग्रामीण शिक्षकाच्या दृष्टीने यातील बोध फार मोलाचा आहे. ‘दुसऱ्याचा विचार करा’ हे वाक्य फळ्यावर शंभर वेळा लिहिले तरी पहिलीतील मुलाला त्यातून काही दिसत नाही. परंतु ‘तू दारात उभा राहिलास, तर मागच्या सखूला बाहेरचे काय दिसेल?’ असे विचारून त्याला सखूच्या जागी नेऊन उभे केले, की ते त्याला तत्काळ समजते. शिकविण्याचे साधन म्हणजे शाळेचे दार, जिना, नळकोंडाळे आणि पोषण आहाराची रांग ही होत.

घाई केली की उशीर का होतो?

पेरणीच्या वेळी पाभरीच्या चाड्यावर मूठ धरणारी बाई बियाणे बेताबेताने सोडते. तिने ओंजळभर दाणे एकदम टाकले, तर पेरणी लवकर होत नाही. उलट नळे तुंबतात. दारातून जाणाऱ्या माणसांचेही असेच आहे. सर्वांनी एकाच वेळी दाराकडे रेटा दिला, की खांद्याला खांदा अडकून चौकटीपुढे माणसांची कमान तयार होते आणि कोणीच बाहेर पडत नाही. डिर्क हेल्बिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात गणिती नमुन्याच्या साहाय्याने हेच दाखविले. विशिष्ट मर्यादेपलीकडे घाई वाढली, की बाहेर पडण्याचा एकूण वेळही वाढतो. हा प्रयोग घड्याळ लावून वर्गातही करता येतो. त्याची रीत पुढे दिली आहे.

दाटी आणखी वाढली म्हणजे काय होते, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असावे. एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशा चौरसात तीन-चार प्रौढ असले, तर ते एकमेकांना सांभाळून हलू शकतात. पाच-सहा झाले, की धोका सुरू होतो. सहा-सात झाल्यावर माणसाचे आपल्या पावलांवर नियंत्रण उरत नाही. गर्दी पाण्यासारखी हेलकावे खाऊ लागते आणि त्या लाटेबरोबर माणूस वाहत जातो. अशा वेळी बहुतेक मृत्यू पायांखाली तुडविले गेल्याने होत नाहीत. छातीवर चहूबाजूंनी दाब पडून फुप्फुसांना फुगण्यास जागा राहत नाही आणि माणूस कधी कधी उभ्या उभ्याच गुदमरतो. ‘चेंगराचेंगरी’ या शब्दाने पळणाऱ्या माणसांचे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात अनेकदा तेथे कोणाला पाऊलही उचलता येत नसते.

या सर्व अनर्थाच्या मुळाशी शाळेच्या दारातील तीच गोष्ट असते: पुढे काय झाले आहे, हे मागच्याला कळत नाही. १६ जून १८८३ रोजी इंग्लंडमधील संडरलंड गावी व्हिक्टोरिया हॉल या सभागृहात मुलांसाठी जादूचे प्रयोग होते. शेवटी खाली खेळणी वाटली जात आहेत असे पाहून वरच्या सज्जातील मुले जिन्याने धावत सुटली. जिन्याच्या तळाशी असलेले दार एका वेळी एकच मूल जाईल एवढे उघडे ठेवून खिटीने अडकविलेले होते. पुढची मुले अडली, मागची येत राहिली आणि १८३ मुले मृत्यू पावली.

आपल्या राज्यातही अशा दुःखद आठवणी आहेत. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील वाई तालुक्यात, मांढरदेवच्या डोंगरावर काळूबाईच्या यात्रेत अडीचशेहून अधिक भाविक मरण पावले. दुकानांनी वेढलेली अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि खालून सतत वर येणारी गर्दी असा तो योग होता. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर २३ जणांचे प्राण गेले. बाहेर मुसळधार पाऊस होता, म्हणून जिन्यावर माणसे आडोशाला थांबून राहिली. आणि एकामागून एक आलेल्या गाड्यांतील उतारू मागून त्याच जिन्याकडे येत राहिले.

यात मृतांचा दोष होता असे कोणी समजू नये. वाट रुंद ठेवणे, दारे मोकळी ठेवणे, किती माणसांना आत सोडावयाचे हे ठरविणे, हे व्यवस्थेचे कर्तव्य आहे. दाटी एकदा हाताबाहेर गेली, की एकट्यादुकट्याचे शहाणपण तेथे चालत नाही. परंतु दाटी होण्यापूर्वीचा काही वेळ असा असतो, की ज्यात प्रत्येकाची सवय उपयोगी पडते. पुढे अडले आहे हे ओळखून मागेच थांबणारा, दारातून पार होताच चार पावले पुढे सरकणारा आणि मागच्यांना हात वर करून इशारा देणारा माणूस त्या वेळी खरोखर उपयोगाचा असतो. असा माणूस शाळेत घडू शकतो.

वारीचा धडा

एवढी मोठी माणसे एकत्र चालताना शिस्त राहणे शक्य आहे काय, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर महाराष्ट्रात दर आषाढीला मिळते. आळंदीहून पंढरपुरास जाणाऱ्या पालखी सोहळ्याची घडी एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी बसविली. रथापुढच्या व रथामागच्या दिंड्यांना क्रमांक ठरलेले असतात. दिंडीत पताकावाले, टाळकरी, मृदंगवादक, विणेकरी, तुळस घेतलेल्या स्त्रिया असा प्रत्येकाचा ठाव ठरलेला असतो. समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला, की टाळांचा गजर थांबतो आणि हजारोंचा समुदाय क्षणात शांत होतो. पुढची वार्ता मागे पोचविण्याची सोय तेथे परंपरेनेच करून ठेवली आहे. वारकरी पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकतो आणि मागच्याच्या टाळाचा नाद ऐकत असतो. आपण एकटे चालत नाही, ही जाणीव तेथे ठेक्याबरोबर अंगात मुरते.

शाळेत करावयाचे पाठ

पुढील पाठांना खडू, घड्याळ आणि थोडे अंगण यांपलीकडे काही साहित्य लागत नाही. परिपाठानंतरची दहा मिनिटे किंवा परिसर अभ्यासाचा तास त्यासाठी घ्यावा.

१. माझी जागा. प्रत्येक मुलाने हात पसरून जागीच एक फेरी घ्यावी आणि जोडीदाराने खडूने वर्तुळ काढावे. नंतर दप्तर पाठीवर घेऊन, छत्री हातात धरून पुन्हा वर्तुळ काढावे. दोन्ही वर्तुळांतील फरक मुलांनी मोजपट्टीने मोजून वहीत लिहावा. येथे गणिताचाही पाठ होतो.

२. मागे कोण? मुले अंगणात सावकाश फिरत असावीत. शिक्षकांनी टाळी वाजविताच सर्वांनी थांबावे आणि वळून न पाहता आपल्या मागे, डावीकडे व उजवीकडे कोण आहे, ते सांगावे. पहिल्या दिवशी उत्तरे चुकतील. दोन आठवड्यांत मुले पावलांच्या आवाजावरून आणि सावलीवरून ओळखू लागतात, असे दिसून येईल.

३. दार आणि घड्याळ. वर्गातील मुले दोन प्रकारे बाहेर सोडावीत. एकदा नेहमीच्या पद्धतीने, पण धक्काबुक्की होऊ न देता. आणि एकदा एकामागून एक, दारातून पडताच चार पावले पुढे जाऊन मगच थांबणे, या नियमाने. दोन्ही वेळा किती सेकंद लागले ते फळ्यावर मांडावे. नियम शिक्षकांनी सांगण्याऐवजी आकड्यांनी सांगितला, म्हणजे तो मुलांना आपला वाटतो. दाटी करून दाखविण्याचा प्रयोग मात्र कोणत्याही कारणाने करू नये.

४. निरोप मागे. मुलांची लांब रांग करावी. पुढच्या मुलाने थांबताना हात वर करून ‘थांबा’ म्हणावे, दुसऱ्याने तसेच करावे, आणि निरोप शेवटच्यापर्यंत किती वेळात पोचतो ते पाहावे. सहलीच्या वेळी ही सवय प्रत्यक्ष उपयोगी पडेल.

५. जागांची अदलाबदल. दारात थांबणाऱ्या मुलाला शिक्षा न करता, दुसऱ्या दिवशी रांगेत सर्वांत शेवटी उभे करावे आणि तेथून काय दिसते ते सर्वांना सांगण्यास लावावे. ज्या मुलाला दिसण्यात किंवा चालण्यात अडचण आहे, त्याच्याशेजारून कसे जावे, हेही या निमित्ताने शिकवावे. त्याला ओढू नये, ढकलू नये. आधी विचारावे आणि मग हात द्यावा.

डावी बाजू की उजवी?

या बाबतीत पुष्कळ शिक्षकांचा गोंधळ होतो, म्हणून थोडा खुलासा आवश्यक आहे. जेथे केवळ माणसेच चालतात, अशा व्हरांड्यात व जिन्यावर सर्वांनी डावी बाजू धरावी. म्हणजे येणारे व जाणारे आपोआप वेगळे होतात. परंतु ज्या रस्त्याला पादचारी-मार्ग नाही, तेथे वाहने डावीकडून धावत असल्यामुळे पायी चालणाऱ्याने उजव्या कडेने चालावे. तसे केल्याने त्याच्या जवळून जाणारे वाहन समोरून येते आणि ते त्याला दिसते. डाव्या कडेने चालणाऱ्याच्या जवळचे वाहन पाठीमागून येते. उसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्या गावाच्या रस्त्याने जात असतात, त्या वेळी हा नियम मुलांच्या प्राणांचे रक्षण करणारा ठरतो. दोन्ही नियमांचे कारण सांगितले, तर मुलांना त्यांत विसंगती वाटणार नाही. रस्त्याने जाताना दोघादोघांनी हातात हात घालून न जाता एकामागून एक चालावे, हेही बजावून सांगावे.

शिक्षकांचे स्वतःचे पाऊल

मुले ऐकण्यापेक्षा पाहून अधिक शिकतात. दोन शिक्षक वर्गाच्या दारात उभे राहून बोलत असतील आणि मुले त्यांच्या बाजूने अंग चोरून जात असतील, तर वरील सर्व पाठ व्यर्थ होत. शिक्षकांनी बोलण्यासाठी दोन पावले बाजूला होण्याची सवय प्रथम स्वतःला लावावी. वर्गाच्या दारापुढे चपलांचा ढीग पडलेला नाही, जिन्यावर मोडके बाक रचून ठेवलेले नाहीत आणि शाळा भरलेली असताना बाहेर जाण्याच्या कोणत्याही दाराला कुलूप नाही, हे मुख्याध्यापकांनी रोज पाहावे. यात काही दुरुस्ती हवी असेल, तर ती शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावी. पालकसभेतही हा विषय एकदा काढावा. कारण बाजारात आणि यात्रेत मुलाचे बोट धरून चालणारे पालकच असतात.

या शिक्षणाचे फळ परीक्षेच्या गुणपत्रकावर दिसणार नाही. ते असे दिसेल की, मधल्या सुट्टीची घंटा होईल, चौथीच्या वर्गातील पहिला मुलगा दारातून बाहेर पडेल, चपलेचा अंगठा पाहण्यासाठी चार पावले पुढे जाऊन बाजूला वाकेल, आणि त्याच्या मागच्या चौतीस मुलांना तो थांबला होता हे कळणारही नाही.